वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई व्हायचं असेल तर काय सांभाळायचं

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचं गरोदरपण बहुतेक वेळा सुखरूप पार पडतं. बऱ्याच बाबतींत ते वजन जास्त असताना झालं असतं त्यापेक्षा सोपंच जातं. रक्तदाब वाढणं, गरोदरपणातला मधुमेह, बाळ अवाजवी मोठं होणं हे धोके उतरतात. पण जठर आणि आतड्याची रचना आता वेगळी असते, आणि गरोदर बाईच्या तपासण्यांचा ठरलेला साचा ती रचना लक्षात घेऊन बनवलेला नाही. तो चार ठिकाणी बसत नाही: गर्भनिरोधक गोळ्या, उलट्या, साखरेची तपासणी आणि पोटदुखी. हे चार मुद्दे तुम्हाला स्वतःला पाठ हवेत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अशा पेशंट रोज येत नाहीत, आणि रात्री कॅज्युअल्टीत भेटणाऱ्या डॉक्टरांना तुमची जुनी फाईल माहीत नसते.

पाळी परत येते, आणि अपेक्षेपेक्षा लवकर

जास्त वजनात पाळी बिघडण्याचं कारण नुसता भार नाही. चरबीच्या पेशी स्वतः इस्ट्रोजेन तयार करतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की इन्सुलिनचं प्रमाण वाढतं आणि अंडाशयातून पुरुषी संप्रेरकं जास्त स्रवतात. या गोंधळात दर महिन्याला अंड सुटणं बंद पडतं. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून अंड नियमित न सुटण्याचा विकार, असलेल्या बाईचं वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकदा अंड पुन्हा सुटायला लागतं. शस्त्रक्रियेनंतर एवढं वजन पहिल्या काही आठवड्यांतच उतरतं.

नेमकी इथेच फसगत होते. ‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता लगेच काय होणार’ असं वाटतं, गर्भनिरोधक वापरलं जात नाही, आणि ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या महिन्यातच दिवस राहतात. अंड आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बंद असलेली पाळी एकदाही न येता गर्भ राहू शकतो. शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत मळमळ, थकवा, चुकलेली पाळी हे सगळं ऑपरेशनच्याच खात्यावर टाकलं जातं. मळमळ मध्येच नव्याने सुरू झाली तर आधी घरी लघवीची तपासणी करा, मग पोटाचं कारण शोधा.

गर्भनिरोधनाची सोय शस्त्रक्रियेच्या आधीच झालेली बरी. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. बायपासमध्ये आतड्याचा पहिला भाग वगळला जातो, त्यामुळे औषध किती शोषलं जाईल याची खात्री राहत नाही. स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं अरुंद करतात त्यात, आतडं शाबूत असतं, पण उलट्या-जुलाबात गोळी वाया जाते. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्यामुळे त्या शस्त्रक्रियेच्या निदान ४ आठवडे आधी थांबवायला सांगतात. थांबवलेल्या गोळीच्या जागी दुसरं काही दिलं गेलं का, हे तुम्हीच विचारा. मध्ये मोकळी राहिलेली फट बऱ्याचदा तिथलीच असते.

भरवशाचे पर्याय म्हणजे तांबी, संप्रेरक सोडणारी गर्भाशयातली कॉइल आणि दंडात बसवायची कांडी. पोटातून काहीच जायचं नसल्यामुळे शोषणाचा प्रश्नच येत नाही. कॉइलचा आणखी एक फायदा असा की रक्तस्राव कमी होतो आणि शरीरातलं लोह वाचतं. तांबीने पाळी जास्त जाऊ शकते. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर हा फरक मोठा ठरतो. दर तीन महिन्यांचं इंजेक्शन काम करतं, पण त्याने हाडांची घनता कमी होऊ शकते आणि काहींचं वजन वाढतं. या शस्त्रक्रियेनंतर या दोन्ही गोष्टी नकोच असतात. संबंधानंतर तातडीने घ्यायची गोळी बायपास झालेल्या बाईसाठी कच्चा आधार आहे. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा तिथला सगळ्यात खात्रीचा उपाय.

पुरुषाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वजन उतरल्यावर टेस्टोस्टेरॉन सहसा वाढतं. वीर्याचा दर्जा मात्र त्याच वेगाने सुधारेल असं धरून चालू नये. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील तर त्याचीही वीर्यतपासणी आणि जीवनसत्त्वांची तपासणी करावी.

किती थांबायचं

साधारण सल्ला १२ ते १८ महिने थांबण्याचा असतो. काही तज्ज्ञ २४ महिन्यांपर्यंत थांबायला सांगतात. पहिल्या वर्षात शरीर स्वतःचाच साठा खर्च करून जगत असतं, आणि त्याच काळात लोह, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व यांची गंगाजळी सर्वांत झपाट्याने आटते. त्यात गर्भाची मागणी आली की दोघांनाही कमी पडतं.

आमच्या मते कॅलेंडरपेक्षा वजनाचा काटा आणि रक्ताचे अहवाल जास्त खरं बोलतात. दोन-तीन महिने वजन एका जागी टिकलं आहे, रोजचं खाणं उलटीशिवाय पचतं आहे आणि तपासण्या जागेवर आहेत, तर पंधराव्या महिन्यात पुढे जायला हरकत नाही. वीस महिने झालेत पण फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, तळाला आहे, तर आधी ते भरून काढा. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर थांबण्याचीही किंमत असते. तेव्हा सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी एकत्र बोलून मुदत ठरवावी. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायचं असेल तर त्या केंद्रालाही शस्त्रक्रियेचा प्रकार सांगा, म्हणजे अंडी काढल्यानंतर पोट दुखलं तर ते नुसतं अंडाशयाचं दुखणं समजून सोडून दिलं जाणार नाही.

ठरवलेल्या मुदतीआधीच दिवस राहिले तर घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. लवकर राहिलेली अनेक गरोदरपणंही नीट पार पडतात. फक्त देखरेख जास्त जवळून लागते. त्याच आठवड्यात सर्जनच्या टीमला फोन करा आणि रक्ततपासण्या करून घ्या.

दिवस राहण्याआधीचे तीन ते सहा महिने

पहिलं काम रक्ताचं. हिमोग्राम, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन आणि अ जीवनसत्त्व. बायपास किंवा ड्युओडिनल स्विच (यात बायपासपेक्षाही जास्त आतडं वगळतात) झालं असेल तर झिंक, कॉपर आणि रक्त गोठण्याची तपासणीही. मधुमेह आहे किंवा होता, तर एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मगच पुढे जा.

फोलिक अॅसिड गर्भ राहण्याआधीपासून सुरू हवं, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बंद होते. नेहमीचा डोस रोज ०.४ मिलिग्रॅम. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अजून ३० च्या वर असेल किंवा मधुमेह असेल तर ४ किंवा ५ मिलिग्रॅम, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि बाराव्या आठवड्यापर्यंत. मोठा डोस सुरू करण्याआधी बी१२ तपासलेलं असलंच पाहिजे. जास्त फोलिक अॅसिड बी१२ च्या कमतरतेतला पांडुरोग झाकून टाकतं. रक्ताचा अहवाल चांगला दिसतो आणि आतल्या आत नसांची हानी चालू राहते.

दुसरं काम लेबल वाचण्याचं. शस्त्रक्रियेनंतर ज्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या देतात, त्यांतल्या काहींमध्ये अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असतं. डब्यावर रेटिनॉल, रेटिनिल पामिटेट किंवा रेटिनिल अॅसिटेट असं लिहिलेलं दिसलं तर ती गोळी बदलून घ्या. रेटिनॉल दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर सुरुवातीच्या आठवड्यांत बाळात व्यंग निर्माण होऊ शकतं. बीटा कॅरोटिन चालतं, कारण शरीर त्यातून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. पण भीतीपोटी अ जीवनसत्त्व साफ बंद करणंही बरोबर नाही. ड्युओडिनल स्विच झालेल्या बायकांमध्ये त्याची खरी कमतरता होते, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर नीट न दिसणं ही तिची पहिली खूण असते.

तिसरं, चालू असलेली औषधं. रक्तदाबासाठीच्या ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ शेवट असलेल्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट यांचा विचार दिवस राहण्याआधी व्हावा. यातली कुठलीही गोळी मनाने बंद करू नका, पर्याय मागा. फिटच्या औषधांबाबत तर हे काटेकोर पाळा. वजन आणि साखर उतरवण्यासाठीचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर ते किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, कारण ते शरीरातून हळूहळू जातं. धूम्रपान करत असाल तर तेही याच टप्प्यावर सोडा. बाळाला अपाय होतोच, शिवाय बायपासच्या जोडावर व्रण पडण्याचं ते मोठं कारण आहे.

गोळ्यांचं घड्याळ

बाजारात मिळणारी गरोदरपणाची एकच गोळी इथे पुरत नाही. साधारण गरज अशी: मल्टिव्हिटॅमिन, त्यात १२ मिलिग्रॅमच्या वर थायमिन म्हणजे बी१, २ मिलिग्रॅम कॉपर आणि १५ मिलिग्रॅमच्या आसपास झिंक; लोह शुद्ध लोहाच्या हिशेबाने ४५ ते ६० मिलिग्रॅम; कॅल्शियम आहारासकट १२०० ते १५०० मिलिग्रॅम; बी१२ दर तीन महिन्यांनी १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन किंवा रोज १ मिलिग्रॅमची गोळी; ड जीवनसत्त्व रक्तातल्या पातळीप्रमाणे. नेमका डोस तुमच्या अहवालांवर आणि शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरतो.

घोळ होतो तो वेळांचा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर शोषलंच जात नाही, म्हणून १२०० मिलिग्रॅमची भारी गोळी एकदम घेण्यात अर्थ नाही. कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला जठराचं आम्ल लागतं आणि ते आता कमी बनतं. म्हणून कॅल्शियम सायट्रेट घ्या.

एका दिवसाची मांडणी अशी बसते. सकाळी सात वाजता उपाशीपोटी लोह, पाण्याबरोबर. चहा-कॉफी त्यानंतर तासाभराने. दहाला कॅल्शियम सायट्रेट ५००. दुपारी एकला जेवण, आणि जेवणानंतर मल्टिव्हिटॅमिन व ड जीवनसत्त्व, कारण ड ला थोडं स्निग्ध अन्न सोबत लागतं. साडेचारला पुन्हा कॅल्शियम ५००. तिसरी कॅल्शियमची गोळी लागत असेल तर रात्री नऊला. थायरॉइडची गोळी चालू असेल तर पहाटेची जागा तिची. लोह आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. लोहाने सकाळची मळमळ वाढत असेल तर ते रात्री झोपताना दोन घास खाऊन घ्या आणि नऊची कॅल्शियमची गोळी संध्याकाळी सातला सरकवा. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, उलटीत गोळी जाण्यापेक्षा ते बरं.

बायपासनंतर लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही फेरिटिन वर येत नाही, असं पुष्कळदा होतं. लोह शोषणारा आतड्याचा भागच वगळलेला असतो, त्यामुळे हा तुमचा निष्काळजीपणा नाही. फेरिटिन ३० च्या खाली अडकलं असेल तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. ते पहिल्या तीन महिन्यांनंतर देतात. म्हणूनही आधी साठा भरून ठेवणं शहाणपणाचं.

हळूहळू विरघळणाऱ्या, नावात एसआर किंवा एक्सआर असलेल्या गोळ्या बायपासनंतर पूर्ण विरघळण्याआधीच पुढे सरकतात. साध्या रूपात तेच औषध मिळतं का, ते विचारा.

रक्ततपासण्या दर तीन महिन्यांनी परत करायच्या. गरोदरपणात रक्त पातळ होत असल्यामुळे काही आकडे आपोआप खाली येतात, त्यामुळे अहवाल वाचताना आठवडा कितवा हे महत्त्वाचं ठरतं.

उलट्या: डोहाळे म्हणून सोडून देऊ नका

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या अनेकींना होतात. तुमच्या बाबतीत फरक थायमिनचा आहे. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो आधीच तोकडा असतो. सतत उलट्यांनी तो संपला की मेंदूवर परिणाम होतो: डोळे स्थिर न राहणं, दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं. उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल तर दवाखाना गाठा. तिथे सलाइन लावण्याआधी एक वाक्य आठवणीने सांगा: ‘माझी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.’ ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. आधी ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि बाई बरी होण्याऐवजी बिघडते. जठराभोवती बँड बसवलेला असेल तर उलट्यांमध्ये तो सैल करून घ्यावा लागतो. आणि तिसऱ्या महिन्यानंतर नव्याने उलट्या सुरू झाल्या तर त्या डोहाळ्यांच्या नव्हेत असंच धरून तपासणी व्हायला हवी.

साखरेची तपासणी

गरोदरपणात ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासतात. बायपास झालेल्या बाईने ते पिऊ नये. स्लीव्हनंतरही ते टाळलेलं बरं. एवढं गोड पाणी सरळ आतड्यात उतरतं. अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. हे डम्पिंग. त्यानंतर इन्सुलिन एकदम उसळतं आणि एक ते तीन तासांत साखर धाडकन खाली येते. त्रास तर होतोच, वर आलेला आकडाही भरवशाचा नसतो.

त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान एक आठवडा घरी ग्लुकोमीटरने साखर मोजा. रोज चार वेळा: सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही मुख्य जेवणांनंतर. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणाला सुरुवात केल्यापासून एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी मोजली तर १२० च्या खाली हवी. बायपासनंतर साखर लवकर चढते आणि लवकर उतरते, त्यामुळे एका तासाचा आकडा जास्त बोलका असतो. त्या आठवड्यात मुद्दाम पथ्य करू नका, नेहमीचंच खा. आकड्यासमोर काय खाल्लं तेही लिहा. अठ्ठावीस आकड्यांची ती वही डॉक्टरांना कुठल्याही एका तपासणीपेक्षा जास्त सांगते.

पहिल्या भेटीत उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करतात, पण पुढे गरोदरपणात एचबीएवनसीवर एकट्याने विसंबता येत नाही. पांडुरोगात तो फसवतो.

मध्येच हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर १० ते १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि सावरल्यावर लगेच प्रथिनं असलेलं काहीतरी खा. घाबरून मूठभर साखर खाल्ली तर चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

खाणं आणि वजन

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं, सहा छोट्या खाण्यांत विभागून. ताटातलं आधी प्रथिनं खायची: अंडं, मासा, चिकन, डाळ, पनीर, दही. मग भाजी, आणि शेवटी धान्य. जागा लहान आहे, ती धान्याने भरली की बाकीचं राहून जातं. पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी आणि अर्ध्या तासानंतर. जेवताना प्यायलं तर अन्न लवकर पुढे ढकललं जातं आणि डम्पिंग होतं. ‘दोघांसाठी खा’ हा आग्रह तुमच्या जठराला पेलणारा नाही, आणि त्याची गरजही नाही.

वजन किती वाढावं, हे गरोदरपणाच्या सुरुवातीच्या बीएमआयवर ठरतं. १८.५ ते २४.९ असेल तर एकूण ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५ किलो, ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५ ते ९ किलो.

इतक्या कष्टाने उतरवलेलं वजन काट्यावर पुन्हा चढताना पाहून मनात धस्स होतं. ही भीती खरी आहे आणि तिला नाव द्यायला हवं, कारण तिच्यामुळे काही जणी नकळत खाणं कमी करतात. वाढणाऱ्या वजनात बाळ, वार, पाणी, वाढलेलं रक्त, मोठं झालेलं गर्भाशय हे सगळं असतं. काट्याकडे बघवत नसेल तर तपासणीच्या दिवशी पाठमोरं उभं राहून वजन करा आणि आकडा नर्सला लिहून घेऊ द्या. जेवण चुकवावंसं वाटू लागलं, खाल्लेलं मुद्दाम काढून टाकावंसं वाटलं, तर ते आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाला सांगा. तो औषधोपचाराचाच भाग आहे.

पोटात दुखलं तर

सगळ्यात जास्त जपायची जागा हीच. बायपास करताना आतडं कापून नव्याने जोडतात, तेव्हा आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी तयार होतात. अनेक सर्जन त्या टाके घालून बुजवतात. पण वजन उतरताना पडद्यातली चरबी झडते आणि बुजवलेली फटही पुन्हा उघडू शकते. सहाव्या महिन्यापासून गर्भाशय आतड्यांना वर ढकलायला लागतं आणि एखादा वेढा त्या फटीत शिरतो. याला इंटर्नल हर्निया म्हणतात. बाहेरून फुगवटा दिसत नाही. वेढ्याला पीळ पडला तर रक्तपुरवठा तुटतो, आणि मग हातात काही तासच असतात.

दुखणं बहुधा पोटाच्या वरच्या भागात, मधोमध किंवा डावीकडे असतं, पाठीत जातं, खाल्ल्यावर वाढतं. कधी येतं-जातं. उलटी होईलच असं नाही, नुसते उमाळे येतात. हे सगळं अॅसिडिटी, बाळाचा रेटा, कळा किंवा वाढलेला रक्तदाब म्हणून खपून जातं. त्यात सुरुवातीला रक्ताचे अहवाल आणि सोनोग्राफी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात.

म्हणून बायपासनंतर गरोदरपणात वरच्या पोटात दुखायला लागलं आणि ते साध्या उपायांनी थोड्या वेळात थांबलं नाही, तर सकाळची वाट पाहू नका. काही खाऊ-पिऊ नका. दवाखान्यात पोचल्यावर असं बोला: ‘मी इतक्या आठवड्यांची गरोदर आहे. माझा गॅस्ट्रिक बायपास झाला आहे. वरच्या पोटात दुखतंय. इंटर्नल हर्निया आहे का, हे बॅरिअॅट्रिक सर्जनने बघायला हवं.’

सीटी स्कॅनची वेळ आली तर बाळाच्या काळजीने नकार देऊ नका. पोटाच्या एका सीटीत बाळाला मिळणारं किरणोत्सर्गाचं प्रमाण ज्या पातळीला अपाय होतो तिच्या खालचं असतं. अडकलेलं आतडं त्याहून फार मोठा धोका आहे. एमआरआय लगेच मिळत असेल तर उत्तम, पण त्यासाठी तास घालवू नयेत. स्कॅन नॉर्मल आला तरी दुखणं चालूच असेल तर पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून आत पाहावं लागतं. तेवढा अनुभव असलेला सर्जन तिथे नसेल तर वेळेत दुसरीकडे हलवायला सांगा.

स्लीव्हमध्ये अशी फट नसते. मिनी बायपासमध्ये (यात आतडं एकाच ठिकाणी जोडतात) धोका कमी असतो, पण शून्य नाही. स्लीव्हनंतर छातीत जळजळ जास्त होते. झपाट्याने वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होणं सगळ्यांतच दिसतं. उजवीकडे बरगड्यांखाली दुखलं तर पित्ताशयाची सोनोग्राफी करून घ्यावी. बँड सरकला तर अचानक काहीच गिळवत नाही.

हे सगळं ऐनवेळी सुचत नाही, म्हणून एक कागद करून पर्समध्ये आणि मोबाइलमध्ये ठेवा. त्यावर शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार आणि तारीख, फटी शिवल्या होत्या का, सर्जनचा फोन नंबर, चालू औषधं, आणि खाली ठळक अक्षरांत तीन ओळी: ग्लुकोज पाजून तपासणी नको, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, सलाइनच्या ग्लुकोजआधी थायमिन. डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘बॅरिअॅट्रिक सर्जरी’ लिहिलेलं असेल तर ऑपरेशन नोट मागून घ्या.

बाळाची वाढ

स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित २०१५ सालचा एक मोठा अभ्यास आहे. शस्त्रक्रिया झालेल्या आयांचा शस्त्रक्रियेआधी जो बीएमआय होता, तेवढाच असलेल्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या आयांशी त्यात त्यांची तुलना केली होती. गरोदरपणातला मधुमेह ६.८ टक्क्यांवरून १.९ वर आला, वयाच्या मानाने मोठी बाळं २२.४ वरून ८.६ टक्क्यांवर आली. पण वयाच्या मानाने लहान बाळं ७.६ वरून १५.६ टक्क्यांवर गेली. हीच या गरोदरपणाची दुसरी बाजू.

म्हणून १८ ते २२ आठवड्यांची व्यंगांची सोनोग्राफी झाली की विषय संपत नाही. २४ आठवड्यांपासून दर चार ते सहा आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी मागून घ्या. तिचे आकडे एकाखाली एक लिहून ठेवा. एखादं बाळ मुळात लहान असतं आणि आपल्या रेषेवर सरळ वाढत असतं. काळजी त्याची, ज्याची रेषा खाली वाकते. तसं झालं तर प्रथिनं, लोह आणि खाण्याचा एकूण हिशेब त्याच आठवड्यात पुन्हा तपासला जावा.

रक्तदाबाच्या धोक्यामुळे बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अॅस्पिरिन सुचवली गेली, तर बायपास झालेल्या बाईने सर्जनलाही विचारावं. व्रणाचा धोका पाहून सोबत आम्ल कमी करणारी गोळी द्यायची का, ते दोघं मिळून ठरवतील.

प्रसूती आणि त्यानंतर

ही शस्त्रक्रिया झाली म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. सिझेरियन ठरलंच तर भूलतज्ज्ञांना आणि डॉक्टरांना आधी कळू द्या, आत आतडी चिकटलेली असू शकतात. कळा लांबल्या तर मधूनमधून साखर मोजायला सांगा.

प्रसूतीनंतर दुखण्यावर सवयीने आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं जातं. बायपासनंतर ही औषधं जोडावर व्रण पाडतात, आणि गुदद्वारातून दिली तरी तो धोका टळत नाही, कारण परिणाम रक्तातून होतो. पॅरासिटामॉल मागा.

अंगावर पाजायला काहीच अडचण नाही, पाजाच. गोळ्या मात्र तशाच चालू ठेवायच्या. बाळंतपणाच्या धामधुमीत आईच्या गोळ्या सगळ्यात आधी विसरल्या जातात. वजन पुन्हा उतरवण्याची घाई या महिन्यांत नको. रक्ततपासण्या पाजत असेपर्यंत दर तीन महिन्यांनी. पुढचं गर्भनिरोधन प्रसूतीच्या आधीच ठरवून ठेवा. कॉइल किंवा तांबी प्रसूतीनंतर लगेचही बसवता येते.

बाळाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तुमच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगा. आईचं बी१२ कमी असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर पहिले काही महिने ते छान दिसतं. पुढे ते मलूल होतं, वजन वाढेनासं होतं, हसायला-मान धरायला शिकलेलं बाळ मागे सरकतं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी बाळाचं आणि तुमचं बी१२ एकत्र तपासून घ्या. इंजेक्शन वेळेत मिळालं तर बाळ भराभर सावरतं.